म्हादूचा श्रावण

डोंबिवली,
२१ एप्रिल २०२५

ती. आत्या,
नमस्कार.

काल सुखरूप पोहोचलो. सातवा महिना म्हणजे काचेचं सामान, असं सासूबाईंनी बजावल्यामुळे स्वरूपने गाडी इतकी हळू चालवली, की संगमेश्वरहून मागाहून सुटलेल्या एस.टी.सुद्धा आमच्या पुढे गेल्या.

फोन न करता पत्र लिहिते आहे. कानाच्या मशीनमधून तुला फोनवर नुसती घरघर ऐकू येते, आणि शेजारच्या ऋतिकाच्या मोबाइलवर निरोप द्यावा तर तो आधी अख्ख्या मधलीवाडीला कळतो आणि मग तुला. शिवाय जन्मभर शाळेत पत्रलेखन शिकवलेल्या बाईंना पत्रच बरं.

मफिनचं सांगते. निघायच्या घाईत निम्मं राहून गेलं. जेवण दोनदाच, कितीही केविलवाणं तोंड केलं तरी. लॅब्राडोरचं पोट कधीच भरत नाही, फसू नकोस. पिशवीतलं तयार खाणं महिनाभर पुरेल. पुढे भात, उकडलेली कोंबडी नाहीतर काटे काढलेला मासा, दुधी, लाल भोपळा. मीठ, तिखट, मसाला काही नको. शिजवलेली हाडं नकोत. चॉकलेट, द्राक्षं आणि बेदाणे म्हणजे त्याला विष. जंताची गोळी तीन महिन्यांनी. गोचीड रोज बघत जा, कानात आणि बोटांच्या बेचक्यात. विजा कडाडल्या की कॉटखाली जाईल, ओढून काढू नकोस.

तान्हं बाळ आणि कुत्रा एका घरात नको, असं सासूबाईंचं म्हणणं. दिवाळीपर्यंत बाळ चार महिन्यांचं होईल. दिवाळीला मी त्याला नक्की घेऊन जाईन. तोवर हे ओझं तुझ्यावर टाकलंय.

निघताना तो फाटकाशी उभा होता. मी मागे बघितलंच नाही. बघितलं असतं तर रडले असते, आणि मग स्वरूपने गाडी आणखी हळू चालवली असती.

तुझी,
तेजू


मधलीवाडी, ता. संगमेश्वर,
६ मे २०२५

चि. तेजस्वीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. शुद्धलेखन बरं आहे, अक्षर चौथीत होतं तेवढंच वाईट.

तुझ्या कुत्र्याने सुरुवातीचे दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. पिशवीतले दाणे ताटात तसेच पडून राहिले. शेवटी ते ऋतिकाच्या कोंबड्यांनी खाल्ले, आणि त्या अजून ठणठणीत आहेत. भात हुंगला, मासा हुंगला आणि फाटकाशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसला. पहिलीतली पोरं अशीच करतात. आई वळणावर दिसेनाशी झाली की डबा उघडत नाहीत. त्यांना रागावून उपयोग नसतो, डब्यात काहीतरी खमंग लागतं.

मग मला एक युक्ती सापडली. आता ताट चाटूनपुसून लख्ख करतो, इतकं की घासायची गरज नाही. युक्ती काय ते विचारू नकोस. मीठ नाही, तिखट नाही, मसाला नाही. चॉकलेट आणि द्राक्षं मधलीवाडीत कोण आणतंय? तुझा एकही शब्द मोडलेला नाही.

नावाचं मात्र जमलं नाही. अंगणात उभी राहून "मफिन, मफिन" अशा हाका मारल्या, तर ऋतिकाची सासू मथुरा कुंपणाशी आली.

"बाई, कुनाला साद घालताव?"

"कुत्र्याला. मफिन नाव आहे त्याचं."

"म्हंजे काय वो?"

"एक प्रकारचा केक."

मथुरेने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मंग आमच्या बोक्याला आमी घावन म्हनू काय?"

त्या दिवसापासून मी त्याला म्हादू म्हणते. दुसऱ्याच हाकेला आला. तुझ्याकडे गेला की पुन्हा केक कर.

कौलांवर वानरं आली की भुंकतो, पण आधी माझ्या मागे येऊन उभा राहतो आणि मग भुंकतो. माझी एक चप्पल खाल्लीन, दुसरी ठेवलीन. ओझं वगैरे काही नाही. घरात बोलायला कोणीतरी झालं. माझ्यासारख्या बहिरीला अशीच सोबत बरी. माझं सगळं तो ऐकतो, त्याचं मला काही ऐकावं लागत नाही.

तब्येतीला जप.

तुझी आत्या


डोंबिवली,
२० मे २०२५

ती. आत्या,

म्हादू! स्वरूप वाचून इतका हसला की सासूबाई काय झालं म्हणून बाहेर आल्या.

तुझी युक्ती मी ओळखली. तूप! दुसरं काय असणार? पण कमी घाल, तो लठ्ठ झाला तर पायांचे सांधे धरतील.

इकडे माझे हाल आहेत. सासूबाईंनी फार पूर्वी दीक्षा घेतली, तेव्हापासून या घराच्या उंबऱ्याआत कांदा-लसूण आलेला नाही, आणि मला डोहाळे लागलेत ते नेमके कांदाभजीचे. परवा डॉक्टरकडून येताना स्वरूपने कोपऱ्यावर गाडी थांबवली आणि मी गाडीतच बसून पुडी संपवली. मग वास जावा म्हणून आम्ही काचा खाली करून दोन फेऱ्या जास्त मारल्या.

गोचीड बघतेस ना? आणि दिवाळीचं लक्षात आहे माझ्या. तू काळजी करू नकोस.

तुझी,
तेजू


मधलीवाडी,
१८ जून २०२५

चि. तेजस्वीस अनेक आशीर्वाद.

तूप नाही. चुकलीस.

भजी खात जा, चोरून खाल्लं की जास्त अंगी लागतं. तुझ्या आईच्या पोटात तू होतीस तेव्हा ती सुकट भाजून खायची, घरात सगळ्यांच्या नाकाला पदर.

गोचीड रोज काढते. म्हादूला ते काम आवडतं. पडवीत आडवा होतो आणि एकेक पाय स्वतः पुढे करतो. मागल्या आठवड्यात त्याने बरका फणस खाल्लान, आठळ्यांसकट. दुसऱ्या दिवशी आठळ्या जशाच्या तशा परत आल्या, म्हणून तुला घाबरवलं नाही. विजा झाल्या की कॉटखाली जातो हे खरं. तू ओढून काढू नकोस म्हणालीस, म्हणून मीच खाली चटई टाकून शेजारी बसते आणि पेपर वाचून दाखवते. बातम्या ऐकून त्याला झोप येते. मलाही येते.

थोडा सुस्तावला आहे. फाटकापर्यंत जाऊन परत येतो. पावसाळ्यात आम्ही सगळेच सुस्तावतो.

दिवाळीचं तू दर पत्रात लिहितेस. घाई करू नकोस. चार महिन्यांचं मूल म्हणजे नुकतं मान धरायला शिकलेलं. त्यात हा तीस किलोचा गडी. सावकाश बघू.

तुझी आत्या


डोंबिवली,
८ जुलै २०२५

ती. आत्या,

मुलगी झाली. २८ जूनला. नाव आरोही ठेवायचं ठरतंय. वजन कमी आहे पण आवाज मोठा आहे, तुला मशीनशिवाय ऐकू येईल.

जास्त लिहीत नाही, हात भरून येतात. मफिनला सांग. तो बरा आहे ना? तू 'सावकाश बघू' म्हणालीस म्हणजे तुला त्याचा त्रास होतोय आणि तू बोलत नाहीस, असं मला वाटलं. दिवाळीला नक्की.

तेजू


मधलीवाडी,
२६ ऑगस्ट २०२५

चि. तेजस्वी आणि चि. आरोही, दोघींस अनेक आशीर्वाद.

बाळंतिणीला वाईट बातमी कळवू नये म्हणून जुलैत नुसतं अंगडं-टोपडं पाठवलं, पत्र लिहिलं नाही. आता वाईट बातमी चांगली झाली आहे, तेव्हा सांगते.

म्हादू फार आजारी होता. तुझं पत्र आलं त्या सुमारास पायरी चढायला थांबू लागला. धाप लागायची. हिरड्या पांढऱ्याफटक, आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची. ऋतिकाच्या नवऱ्याने टेम्पो काढला आणि आम्ही त्याला देवरुखला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, गोचिडाचा ताप दिसतो. खायला काय घालता, विचारलं. भात, मासा, भोपळा, मीठ नाही, मसाला नाही, असं मी सांगितलं. 'उत्तम' म्हणाले. गोळ्या दिल्या. गोळ्यांनी फरक दिसेना.

मी नवससायासाला न मानणारी बाई. पण श्रावण लागायच्या आदल्या दिवशी उठले आणि देवळात गेले. रघू गुरवाला म्हटलं, गाऱ्हाणं घाल.

रघू डोकं खाजवत म्हणाला, "बाई, मानसांचा घालताव, गुरांचा घालताव. कुत्र्याचा गाऱ्हाना आजवर कुनी घातलान नाय."

"दारचा राखणदार म्हण. देवीला कळेल."

त्याने नारळ पुढ्यात ठेवला आणि सुरू केलं. रघूचा आवाज मला मशीनशिवाय ऐकू येतो. "बाय माजे आवशी, ह्या तुज्या लेकीच्या दारचा राखनदार खंगलाय. काय चुकला-माकला आसंल तर पोटात घाल. त्याला उभा कर. पाच नारलांचा मान तुजा तुला पोचंल." देवळात पावसामुळे आडोशाला थांबलेली चार माणसं होती, ती "होय म्हाराजा" म्हणाली. मीही म्हणाले. हे तुला म्हणून सांगते.

दुसऱ्या दिवसापासून श्रावण. श्रावणात मी जे सोडते ते म्हादूलाही सोडावं लागलं, दोन ताटांचे दोन स्वयंपाक कोण करील? आधी रुसला, मग निमूट खाऊ लागला. आणि उतार पडत गेला. नारळी पौर्णिमेला त्याने ऋतिकाच्या कोंबड्या कुंपणापर्यंत पिटाळल्या, आणि मथुरा शिव्या घालायच्या ऐवजी टाळ्या वाजवत होती. हिरड्या लाल झाल्या आहेत. वाडीत आता माझ्या कुत्र्याचा दाखला देतात. दोघीजणी आपल्या शेळ्यांचं गाऱ्हाणं घालून आल्या.

उद्या गणपती. सण उरकला की देवीचे पाच नारळ देऊन येईन.

तुझी आत्या


डोंबिवली,
४ सप्टेंबर २०२५

ती. आत्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तो मरायला टेकला होता आणि तू मला अंगडं-टोपडं पाठवत होतीस? आत्या, तो माझा कुत्रा आहे. मला सांगायला हवं होतंस. मी आले नसते कदाचित, पण मला कळायला हवं होतं.

रागावून लिहिलं, पण खोडत नाही. तू किती केलंस तेही दिसतंय. या वयात टेम्पोत बसून देवरुखला जायचं, तेही तीस किलोचा कुत्रा मांडीवर घेऊन. हे सगळं तुझ्यावर नको होतं पडायला.

दिवाळीला तुझी यातून सुटका करते.

तेजू


मधलीवाडी,
२४ सप्टेंबर २०२५

चि. तेजस्वीस अनेक आशीर्वाद.

'माझा कुत्रा' हे वाचलं. बरोबर आहे. म्हणून या खेपेला लगेच लिहिते.

म्हादू पुन्हा आजारी आहे. तेच सगळं. हिरड्या पांढऱ्या, लघवी काळपट, आणि आता तर कॉटखालून उठतच नाही, विजा नसताना. गोचीड एकही सापडत नाही. डॉक्टरांकडून गोळ्या पुन्हा आणल्या. देवीचे पाच नारळ गौरी-गणपतीच्या गडबडीत राहून गेले, मग पितृपक्ष लागला. वाडीत बोलतात की मान चुकला म्हणून कोप झाला. परवा घट बसले तेव्हा मी पाच दिले आणि वर दोन दिले. रघू म्हणाला, "बाई, देवी नारल मोजीत नाय." पण मी मोजून दिले.

तुझ्यापासून आता काही ठेवायचं नाही, म्हणून ती युक्तीही सांगते. तुझ्याकडे गेला आणि जेवला नाही तर तुला माहीत असावी. घाण्याचं खोबरेल तापवायचं, एक मोठा कांदा बारीक चिरून लालसर परतायचा आणि त्यात भात कालवायचा. दोन्ही वेळा. वास सुटला की कुठे असेल तिथून येतो आणि चुलीशी बसून शेपटीने जमीन झाडतो. श्रावण पाळते तेव्हा मी कांदा-लसूण खात नाही, म्हणून गौरीपर्यंत त्यालाही मिळाला नव्हता. गौरीच्या सणाला आमच्याकडे वडे आणि कोंबडीची सागुती झाली आणि त्याचं ताट पुन्हा सुरू केलं. इतका खूश झाला की माझा हातसुद्धा चाटून काढलान. आता अशक्त झाल्यापासून मी एकाच्या जागी दोन कांदे घालते. दुसरं काही खातच नाही, तेवढंच खातो.

तुला न्यायचा असेल तर दिवाळीपर्यंत थांबू नकोस. तुझ्याकडचे डॉक्टर मोठे असतील. मला आता त्याच्याकडे बघवत नाही.

तुझी आत्या


डोंबिवली,
२९ सप्टेंबर २०२५

ती. आत्या,

पत्र आज हातात पडलं, मी इथल्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला आणि लगेच ऋतिकाला. तिने तुला निरोप दिलाच असेल: कांदा बंद, आजपासून, लसूणही, आणि म्हादूला आजच्या आज रत्नागिरीला न्या, तिथल्या डॉक्टरांना 'कांदा खाल्लाय' एवढंच सांगा. तिला कारण सांगितलं नाही. ते फक्त तुला सांगायचं होतं.

आत्या, कुत्र्याला कांदा चालत नाही. कांद्याने त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. एका दिवसात कळत नाही, रोज रोज खाल्ला की अंगातलं रक्त कमी होत जातं. हिरड्या पांढऱ्या, लघवी चहासारखी, धाप. इथल्या डॉक्टरांना मी तुझं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, श्रावणात बरा झाला आणि गौरीनंतर पडला, याच्याहून स्पष्ट तपासणी कुठली हवी.

हे वाचून तू स्वतःला काय काय बोलशील ते मला इथून ऐकू येतंय. त्याआधी माझं ऐक. मी तुला चॉकलेट सांगितलं, द्राक्षं सांगितली, बेदाणे सांगितले. कांदा सांगितला नाही. पिल्लू होता तेव्हापासून तो अशा घरात वाढला जिथे कांदा दारातसुद्धा येत नाही. त्यामुळे तो द्यायचा की नाही हा प्रश्न मला कधी पडलाच नाही आणि मी कोणाला विचारलं नाही. तू मात्र मी सांगितलेला एकेक शब्द पाळलास.

कळव. ऋतिकाकडून नको, तू कळव.

तेजू


मधलीवाडी,
१० ऑक्टोबर २०२५

चि. तेजस्वीस अनेक आशीर्वाद.

म्हादू जिवंत आहे. रत्नागिरीला दोन दिवस ठेवून घेतला होता, सलाइन लावलं. आता घरी आहे. काल अंगणात उन्हाला येऊन बसला. डॉक्टर म्हणाले, हळूहळू भरून येईल, काळजीचं नाही.

माझं सांगते. तुझं पत्र वाचून मी कांद्याची टोपली उचलली आणि घरांच्या आवाठाच्या टोकाला नेऊन दगडी गडग्यापलीकडे उपडी केली. मग घरी येऊन चुलीशी बसले. मी त्याला माझ्या हाताने घालत होते, तेजू. अशक्त झाला म्हणून दुप्पट घालत होते. तो शेपटी हलवत होता आणि मी खूश होत होते. मला सगळ्यात वाईट कशाचं वाटतं सांगू? युक्ती मी तुझ्यापासून लपवली, ती गमतीने नाही. त्याने तुझ्यापेक्षा माझ्या हातचं जास्त आवडीने खावं, असं मला वाटत होतं. दिवाळीला तू न्यायला येशील तेव्हा त्याने जाऊ नये, असंही वाटत होतं. तू दर पत्रात दिवाळी लिहायचीस म्हणून मी 'घाई करू नकोस' लिहिलं.

आता ये आणि घेऊन जा. मुकं जनावर मी सांभाळू नये. त्याची पिशवी भरून ठेवली आहे. खायची भांडी, पट्टा, आणि उरलेली चप्पल.

आत्या


डोंबिवली,
१५ ऑक्टोबर २०२५

ती. आत्या,

तू एवढं खरं लिहिलंस, आता मला खोटं लिहिता येत नाही.

मी त्याला दिवाळीला नेणार नव्हते. सासूबाईंनी नाही म्हटलेलं नाही. उलट त्याच मधूनमधून विचारतात, तुझा कुत्रा कधी आणणार म्हणून. मीच. आरोही झाली आणि घरात केस नाहीत, फिरवायला न्यायची धावपळ नाही, भुंकून बाळ उठत नाही, हे मला बरं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं. मग त्याची लाज वाटली, आणि लाज वाटली की मी तुला पत्र लिहून 'दिवाळीला नक्की' असं टाकायचे. तू 'घाई करू नकोस' म्हणालीस की मला वाटायचं, आत्या कंटाळली आहे पण भिडेपोटी बोलत नाही. मग मी पुढच्या पत्रात आणखी ठासून लिहायचे.

म्हणजे तू त्याला ठेवायला बघत होतीस आणि मी टाकायला, आणि दोघी एकमेकींना दिवाळी दाखवत होतो.

आम्ही भाऊबीजेला येतोय, आरोहीला घेऊन. न्यायला नाही. त्याला ठेवशील का, हे विचारायला. तू नाही म्हणालीस तर नेईन, शपथेवर. पण पिशवी आत ठेव. तो उपाशीच राहिला असता, आत्या. ते पहिले दिवस तो काही खात नव्हता तेव्हा तू त्याला खायला लावलंस. मी फाटकातून मागेसुद्धा बघितलं नव्हतं.

तुझी,
तेजू


मधलीवाडी,
९ नोव्हेंबर २०२५

चि. तेजस्वी आणि चि. आरोही, अनेक आशीर्वाद.

पोहोचल्याचं ऋतिकाने सांगितलं, आणि तिच्याआधी मथुरेने, आणि तिच्याआधी रघू गुरवाने.

रघूचा आणि माझा वाद झाला. मी त्याला खरं कारण सांगितलं. वाडीतल्या बाकीच्या कुत्र्यांच्या ताटांतला कांदा बंद व्हावा म्हणून सांगावंच लागलं. म्हटलं, देवीने काही केलं नाही, कांदा बंद झाला म्हणून बरा झाला. रघू म्हणाला, "आनि श्रावन कुनी लावून दिलान?" म्हटलं, बरं. वर दिलेले दोन नारळ परत मागणार नाही.

आमच्या घरी आता बारा महिने श्रावण. मी कांदा चिरला की तो येऊन बसतो आणि आशेने बघतो, म्हणून मीच सोडला. जीभ चाळवली की मथुरेच्या पडवीत जाऊन उभ्याउभ्या भजी खाते आणि साबणाने हात धुऊन येते. तू गाडीत बसून खात होतीस, तशीच. म्हादू माझा हात हुंगतो आणि पाठ करून बसतो. त्याला सगळं कळतं.

हिरड्या लाल आहेत. वजन दीड किलोने वाढलं, ते आरोहीला मांडीवर घेऊन जेवताना तू खाली सांडलेल्या गुरगुट्या भातामुळे.

आता कोणी कोणापासून काही लपवायचं नाही असं आपलं ठरलंय, नाहीतर हे लिहिलं नसतं. तू वाचून थोडी रडशील. तुम्हाला बघून त्याने काय धिंगाणा घातला ते तू बघितलंस. आरोहीचा मोजा घेऊन अजून झोपतो. पण तुम्ही निघालात तेव्हा तो फाटकाशी जाऊन उभा राहिला आणि मला एप्रिल आठवला. म्हटलं, आता बसतो हा रस्त्याकडे तोंड करून. आता पुन्हा जेवणार नाही. तू या खेपेला काचेतून मागे बघत होतीस, मला दिसलं. तो तुझ्याकडे बघत शेपटी हलवत होता. पण जेवणाची वेळ झाली होती. स्वरूपची गाडी हळू, ती वळणावर पोहोचायच्या आधीच तो मागे फिरला आणि माझ्या पुढे होऊन चुलीकडे गेला.

भात, भोपळा आणि काटे काढलेला बांगडा. हुंगला, माझ्याकडे एकदा बघितलंन, आणि जेवला.

तुझी आत्या